इसाबेलबाईंची ओटी

शेगावला रेल्वेतून उतरल्याबरोबर इसाबेलबाईंनी विचारलं, पुढची एसटी किती वाजता? मी म्हटलं, येईल तेव्हा. त्या हसून म्हणाल्या, चल, 'एस्पेरार' करू.

हा आमच्या कोशातला शब्द. मुंबईत मी त्यांच्याकडे स्पॅनिश शिकले. आता अनेक अर्थांचे स्पॅनिश शब्द निवडून आम्ही दोघी त्यांना इंग्रजी आणि मराठी प्रतिशब्द लावत होतो. या 'एस्पेरार'वर इंग्रजीत वेट, होप, एक्स्पेक्ट असे तीन शब्द खर्ची पडतात. स्टँडवर बसून आम्ही तिन्ही केलं.

मेहकरची गाडी आली ती गच्च भरून. खामगाव सुटलं आणि बाई ढगाकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'तिएंपो'. त्यांच्याकडे काळ आणि हवामान यांना एकच शब्द. शेजारच्या शेतकरीबुवांना ते लगेच पटलं, आणि त्यांनी सरकून बाईंना जागा दिली.

माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. आमच्याकडे आलेल्या सवाष्णीची निघताना ओटी भरतात (पदरात तांदूळ, नारळ, खण घालतात). विधवेची नाही. इसाबेलबाईंचे यजमान कधीच वारले होते. जिनं मला भाषा दिली, ती माझ्याच घरून, चार बायकांदेखत, हात हलवत निघणार!

जानेफळला, माझ्या गावी, आईनं कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी ठेचा पुन्हा मागितला. मग आईनं हळूच मला विचारलं, यांचा घरवाला काय करते? दुभाषी मीच, खोटं सहज खपलं असतं. पण आईशी खोटं बोलवेना. वारले, म्हटलं. आई चुलीकडे वळली.

निघताना पाहते तर आईच्या हातात तांदळाचं सूप आणि नारळ. शेजारच्या काकू पुटपुटल्या, असं कोणी करत नाही.

"माह्या लेकीले या बाईनं विद्या देल्ली," आई म्हणाली. "ते रिकाम्या ओटीनं जाईन काय माह्या घरून?"

बाईंच्या अंगात झगा, पदर कुठला असणार? मग काकूंनीच दोरीवरचं लुगडं ओढलं आणि बाईंना पदर करून दिला.

परतीच्या गाडीत बाई नारळ सांभाळून बसल्या होत्या. तुझी आई काय म्हणाली, त्यांनी विचारलं. मी शब्दन् शब्द स्पॅनिशमध्ये सांगितला. आणि आई न बोललेलं एक वाक्य पदरचं घातलं, "ही माझी आई." एवढ्या ताठ मानेनं मी कुठल्याच भाषेत कधी बोलले नव्हते.