नऊ आणि एकतीस

भिंतीवर बोट घासायचं, ते जिभेला लावायचं, डोळे मिटून क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, "खारट हाय. आजून न्हाई."

श्रीरामपुरात रंगारी पुष्कळ आहेत, पण भिंत चाखणारा मी एकच पाहिला. तुम्ही पाहिला असता तर तुम्हीही तोंड फिरवलं असतं. ज्या भिंतीवर पाली फिरतात, जिच्याआड न्हाणीघर आहे, त्या भिंतीची चव घेणारा माणूस सकाळी समोर उभा राहिला की हातातला चहा पुढे सरकत नाही. बरं, बोट तरी स्वच्छ असावं! नखात चुना, तंबाखू आणि ओळखू न येणारं तिसरं काहीतरी. मला त्या माणसाची किळस यायची. आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही.

सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायचो. वय पासष्टीच्या आसपास. पायजम्यावर आजवर रंगवलेल्या सगळ्या घरांचे रंग.

तीन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेनं पुण्यातलं ऑफिस बंद केलं आणि आम्हाला घरून काम करायला सांगितलं. माझं काम पावसाच्या नोंदी तपासण्याचं. गावोगावी पर्जन्यमापकं आहेत. तिथली माणसं रोज आकडा पाठवतात, मी तो शेजारच्या गावांशी ताडून बघतो. न मोजता घरी बसून भरलेला आकडा मला लगेच कळतो. असे आकडे मी परत पाठवतो, शेरा मारून. त्या माणसांचाही मला तिटकारा आहे. अर्धं मिनिट वाकून नळकांडं बघायचं, तेवढंही होत नाही!

तर मागच्या खोलीतल्या धान्याच्या कोठ्या हलवून तिथं टेबल टाकायचं ठरलं, आणि मामा आले.

"भाऊसाहेब, पाटाच्या पान्यानं सगळी जमीन खारी केलीया. भिंत ते खालून पिती. आत्ता रंग लावला तर सा म्हैन्यात पापुद्रे."

जिभेवर विश्वास ठेवायचा म्हणजे फारच झालं. मी ओल मोजायचं यंत्र मागवलं. भिंतीला टेकवलं.

"काय म्हनतंय?" मामांनी विचारलं.

"ओल जास्त आहे."

"तेच म्हनलं मी. तुमचं मशीन बरं हाय, पन त्याला तंबाखू लागत न्हाई, एवढाच फरक."

बारा दिवस ते रोज सकाळी यायचे, भिंत चाखायचे आणि "आजून न्हाई" म्हणून जायचे. मी रोज यंत्र लावायचो. दोघांचं एकदाही वेगळं निघालं नाही. तेराव्या दिवशी त्यांनी बोट चोखलं आणि मान डोलावली. यंत्रानंही.

आता रंग निवडायचा. कंपनीचं पुस्तक आणलं. त्यात पांढऱ्याच्याच इतक्या छटा होत्या की मला त्या छापणाऱ्यांची शिसारी आली. त्यात आपल्या गावातली नवी घरं तुम्ही बघताच. जांभळ्यावर केशरी, केशरीवर पोपटी. रस्त्यानं जाताना डोळ्यांत कुणी मिरची घालतंय असं वाटतं. म्हणून मी तक्ता केला. उजेड, डोळ्यांना ताण, मळखाऊपणा, प्रत्येकाला दहापैकी गुण. सहा रंगांना सारखे गुण पडले.

मामांनी तक्ता उलटसुलट करून बघितला. मग टेबलासमोरच्या भिंतीवर, बसल्यावर नजर जाईल तिथं, तीन चौकोन रंगवले. प्रत्येकी हातभर. एक बिस्कीट, एक फिका हिरवा, एक राखेकडं झुकणारा निळा.

"आता चार दिवस हितं बसून काम करा. ज्याच्याकडं बघायचं इसरून जाताल, तो तुमचा."

"म्हणजे?"

"रंग सारखा दिसाया लागला तर काम कसं व्हायचं? चांगला रंग गप बसतो."

हे मला पटलं, कारण हे मोजता येत होतं. कागदावर तीन रकाने केले. काम करता करता एखाद्या चौकोनाकडं लक्ष गेलं की त्या रकान्यात एक रेघ. मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली.

"लई भारी! चाळीस वर्सं चौकोन काढतोय, रेघा मारनारं गिऱ्हाईक पयलं बघितलं."

चार दिवस मी प्रामाणिकपणे रेघा मारल्या. हिरवा चव्वेचाळीस. बिस्कीट एकतीस. निळा नऊ.

निळा.

संध्याकाळी शेजारचे गुरुजी डोकावले. शाळेतून निवृत्त झालेले, सभ्य माणूस. त्यांनी चौकोन बघितले, कागद बघितला आणि हळूच दार लोटून घेतलं.

"अरे, निळा काय लावतोस? त्या मामांच्या वस्तीत जा, कमानीपासून कळसापर्यंत निळं. तू रोज पुण्यामुंबईच्या माणसांसमोर बसणार. लोक काय समजतील?"

"काय समजतील?"

"आता माझ्या तोंडून वदवून घेतोस का?"

मामा बौद्ध होते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलून दाखवत नसे, एवढंच. बायको आतून ऐकत होती. जेवताना म्हणाली, "अहो, माझं काही म्हणणं नाही. पण पोरीसाठी स्थळं बघतोय आपण. पाहुणे घर बघायला येतात. उगाच कशाला विषय?"

मला दोघांचाही राग आला. रंग म्हणजे रंग, हे मी मोठ्यानं बोललोही. मग हात धुतले, खोलीत गेलो, कागद फाडला, नवा घेतला आणि पुन्हा रेघा मारल्या. बिस्कीटखाली नऊ. निळ्याखाली एकतीस. पाच-पाचचे गठ्ठे करून, व्यवस्थित. शेवटच्या रेघा थोड्या वाकड्या मारल्या, घाईत मारल्यासारख्या दिसाव्यात म्हणून.

सकाळी मामा आले. दारातूनच विचारलं, "काय निगालं?"

"बिस्कीट."

ते भिंतीजवळ गेले. मग माझ्या खुर्चीत बसले, उठले, खिडकीपाशी जाऊन तिरक्या नजरेनं बघितलं.

"निळ्याला किती पडल्या?"

"एकतीस." मी कागद पुढे केला.

त्यांनी तो घेतला नाही. "एकतीस?" असं स्वतःशीच म्हणाले आणि मग हसले. "मंग डोळा गेला म्हनायचा माजा."

मीही हसलो. ते हसणं अजून माझ्या कानांत आहे आणि त्याचा मला वीट आलाय.

दोन दिवसांत खोली बिस्कीट रंगाची झाली. काम निर्मळ. बटणांच्या पाटीवर एक थेंब नाही. पहिल्याच ऑनलाइन मीटिंगला पुण्याच्या साहेबांनी मागची भिंत बघून "वा, छान न्यूट्रल आहे" म्हटलं. गुरुजींना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. ती भिंत मला दिवसभर दिसते. काम करताना दिसते, नसताना दिसते. भिजून मऊ पडलेल्या, बशीत तळाशी बसलेल्या बिस्किटाचा रंग आहे तो.

पुढच्या वर्षी पुढच्या खोलीचं काम निघालं म्हणून मी मामांना शोधत गेलो. बाजारतळाजवळ एका दुकानाच्या लोखंडी जाळीला काळा रंग देत बसले होते.

"आता घरातली कामं बंद, भाऊसाहेब. गेट नि ग्रिल. काळा नि चंदेरी. त्यात चुकायला जागाच न्हाई."

"का बरं?"

"वय झालं." ब्रश थांबला नाही. "तुमची भिंत काय म्हनती? पापुद्रा?"

"एकही नाही."

"मंग झालं."

तेव्हा मला सांगता आलं असतं. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "ऊन फार आहे, जपा."

यंदा उन्हाळ्यात मामा गेले. मला चार दिवसांनी कळलं. वस्तीत मी पहिल्यांदाच गेलो. माझ्या घरापासून पायी सात मिनिटं. मामांची मुलगी दारात आली. नगरला दवाखान्यात नर्स आहे. मी नाव सांगितलं तशी तिचा चेहरा उजळला.

"रेघा मारणारे भाऊसाहेब तुम्हीच का? बाबा सगळ्यांना तुमचं सांगायचे. म्हणायचे, रंग असा निवडावा, मोजून. लोक काय म्हणतील ते विचारून नाही."

तिनं मला आत खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर बसली.

"आमची पैज लागली होती तेव्हा," ती म्हणाली. "बाबा म्हणत होते निळाच येणार. त्या खोलीत उजेड कुठून येतो, तुम्ही कुठं बसता, सगळं सांगून. मी म्हटलं, तुम्हाला निळा आवडतो म्हणून म्हणताय. तर चिडले. म्हणाले, आवडीचा काय संबंध, माझा डोळा सांगतोय. मग हरले. ते फार मनाला लावून घेतलं त्यांनी. चाळीस वर्षांत असं चुकलो नाही म्हणायचे. लोकांच्या भिंती बिघडवायच्या नाहीत म्हणून घरातली कामं घेणंच सोडलं. मी डोळे तपासून आणले, डॉक्टर म्हणाले काही नाही झालेलं. पण ऐकतील तर ना!"

आत कुणीतरी भांडी लावत होतं. भिंतीला टेकवून मामांची रंगकामाची घोडी उभी होती, पायऱ्यांवर काळ्या आणि चंदेरी रंगाचे थर.

मी म्हणालो, "ताई, निळाच आला होता."

"काय?"

"नऊ निळ्याला. एकतीस बिस्कीटला. मी उलटं सांगितलं."

का, ते तिनं विचारलं नाही. मी घरातून सोबत नेलेलं सगळं उत्तर, पाहुणे, गुरुजी, पुण्याचे साहेब, तसंच तोंडात राहिलं. ती उठली आणि आतल्या माणसाला म्हणाली, "आई, चहा ठेवू नको. पाहुणे निघाले."