यादीबाहेरची माशी

गुजरातेतल्या गोत्रीच्या स्नेहलताताईंनी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. चुकीचं उत्तर मुकाट ऐकून घ्यायची सवय त्यांना नव्हती. सोसायटीतल्या पेरूवर त्यांना एक अनोळखी फळमाशी दिसली. पंखांवरचे पट्टे भिंगाखाली तपासून त्यांनी ती ओळखली: परदेशातून आलेली, बागाच्या बागा नासवणारी.

माशी डबीत घालून त्या शेती कार्यालयात गेल्या. साहेबांनी डबी उघडलीच नाही, राज्यातल्या किडींची यादी उघडली.

"बेन, ही माशी यादीत नाही. म्हणजे गुजरातेत नाही."

माशीनं येऊन नाव नोंदवलं नाही, हा तिचाच गुन्हा!

साहेबांनी मीठ-मिरची लावलेल्या पेरूचा मोठा घास घेतला. हातात उरलेल्या अर्ध्या पेरूत त्याच माशीच्या अळ्या वळवळत होत्या.

"बरोबर आहे साहेब," ताई उठत म्हणाल्या, "यादीत नाही. तुमच्या पोटात आहे."