पास्कलच्या नात्याचा रकाना

दत्तक घेतलेल्या मुलाची ओळख करून देताना तुम्ही 'दत्तक' हा शब्द आधी का उच्चारता? 'हा आमचा मुलगा' एवढं सांगून का थांबत नाही? हे विचारण्याचा मोठा अधिकार मला नाही. मी स्वतः तेच केलं आहे, तेही सरकारी कागदावर, निळ्या शाईने.

मी सात वर्षं पायदळात होतो, शेवटी नायक या हुद्द्यावर. माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेला, बर्फातल्या एका पोस्टवर होतं. कंपनीत सिंधुदुर्गातले आम्ही दोघेच. मी वेंगुर्ल्याचा. लान्स नायक पास्कल आरोंद्याचा. दोघेही ख्रिस्ती, पण वेगवेगळ्या चर्चचे. माझे वडील प्रार्थनेनंतर दारोदार बायबलवरची पत्रकं वाटायचे. त्यांतला एक गठ्ठा माझ्या किटबॅगेत कायम असे, आणि मी ती पत्रकं सगळ्यांना वाचून दाखवत असे. पास्कल वाद घालत नसे. स्टोव्हवर सुके बांगडे भाजत बसे. "तू वाच. माका आयकाक येता. पण बांगडो करपलो तर तुजो देव जबाबदार," म्हणायचा.

पास्कल सुमारे आठ-दहा दिवसांचा असताना मिशनच्या दवाखान्यातून आरोंद्याला आला. त्याला जन्म देणारी बाई कोण, हे कोणालाच माहीत नाही. मान्युएल खाडीत होडी घालायचे, इझाबेलमाय मासे विकायची. त्यांना मूल नव्हतं. त्यांनी त्याला घरी आणलं आणि त्याच आठवड्यात त्याचा बाप्तिस्मा केला. आई-वडील म्हणून चर्चच्या वहीत या दोघांचीच नावं आहेत. जन्मतारीख माहीत नसल्यामुळे त्या घरात त्याचा वाढदिवस बाप्तिस्म्याच्या दिवशी व्हायचा. हे पास्कल कोणालाही सहज सांगे. त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटत नव्हतं.

पोस्टवर चढायच्या तीन आठवडे आधी बेसवर डॉक्युमेंटेशन झालं. किंड्रेड रोल म्हणजे जवानाच्या नातेवाइकांचा तक्ता. तो वर्षातून एकदा तपासून सही करायची असते. जवानाला काही झालं तर घरी जाणारा निरोप याच तक्त्यावरून जातो. कंपनी क्लार्क रजेवर होता. माझं अक्षर बरं म्हणून टेबलावर मला बसवलं होतं.

पास्कलने त्याची फाइल पुढे सरकवली. तक्त्यात मान्युएल, नाते वडील. इझाबेल, नाते आई. फाइलच्या तळाशी कोर्टाच्या आदेशाची जुनी नक्कल होती. तिच्यात त्या दोघांना 'पालक' म्हटलं होतं. त्या काळी आपल्या देशात ख्रिस्ती जोडप्याला कायद्याने मूल दत्तक घेता येत नव्हतं. कोर्ट त्यांना फक्त पालक नेमायचं, आणि मूल सज्ञान झालं की कागदावरचं तेही नातं संपायचं. ज्या बाईने वीस-बावीस वर्षं त्याला भरवलं, ती कायद्याच्या लेखी त्याची कोणीच नव्हती. हे मला आज कळतं. त्या दिवशी मला फक्त विसंगती दिसली.

मी म्हणालो, "ह्या बरोबर नाय. कागदावर पालक आसत. खोटी नोंद करूची नाय."

"खोटी?"

"कायद्याने."

तो खुर्ची मागे सरकवून उठला. "तुका लिवचा तसा लिव. तुजा अक्षर बरा आसा."

मी 'वडील' आणि 'आई' खोडून दोन्हीकडे 'पालक' लिहिलं. त्याने सही केली. संध्याकाळी तो जेवायला माझ्या शेजारी बसला नाही.

पोस्टवरचं रुटीन ठरलेलं होतं. पाचला स्टँड-टू, म्हणजे शस्त्रं घेऊन सज्ज राहणं. सातला चहा. मग बर्फ उपसणं, शस्त्रं साफ करणं, आळीपाळीने संत्री ड्यूटी, म्हणजे पहारा. दर मंगळवारी सहा जणांची लिंक पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, शेजारच्या पोस्टपर्यंत जाऊन परत येई. त्या मंगळवारी आम्ही ०८३० ला निघालो. आदल्या दोन दिवसांत बर्फ पडलं होतं, पण आकाश स्वच्छ होतं. पास्कल तिसरा, मी चौथा. आमच्यात दहा पावलांचं अंतर. प्रत्येकाच्या कमरेला लाल दोरी बांधलेली होती. माणूस बर्फाखाली गेला तर निदान दोरीचं टोक वर दिसावं, म्हणून ती असते.

नाला ओलांडण्यापूर्वी पाच मिनिटांचा थांबा होता. पास्कल पाणी प्यायला आणि त्याने बाटली माझ्याकडे दिली. त्या फाइलच्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलला होता.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचार."

"तुज्या पत्रकात लिवलेला आसा, आपण सगळे देवाची दत्तक पोरां. मगे देव तुजो बाप, काय गार्डियन?"

मी बाटलीचं झाकण फिरवून लावलं. त्या विषयावरची चार पत्रकं मला तोंडपाठ होती.

"परत इल्यावर बदलूया," मी म्हणालो. "मी स्वतः लिवतंय."

"बदल. आणि अक्षर बरा काढ," तो म्हणाला, आणि हसला. मग आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

१०४० ला उतारावरचं बर्फ सुटलं. आवाज फार मोठा नव्हता. पुढचे तिघे होते तिथे काहीच उरलं नाही. माझ्या पाठीमागून रेडिओ ऑपरेटर वायरलेसवर बोलू लागला.

"कंट्रोल, पेट्रोल वन. स्लाइड. तीन जण खाली. ओव्हर."

"पेट्रोल वन, नंबर परत सांग."

"तीन. तीन. ओव्हर."

"रॉजर. रेस्क्यू पार्टी निघते. जागा सोडू नका. ओव्हर."

आम्ही तिघांनी खणायला सुरुवात केली. पहिल्या दोघांच्या दोऱ्या वर दिसत होत्या. एक ११०५ ला निघाला, दुसरा ११२० ला. दोघेही जिवंत. पास्कलची दोरी कुठेच दिसत नव्हती. रेस्क्यू पार्टीने लांब सळया खुपसत ओळीने शोध घेतला. १३१५ ला एक सळी अडली. तो सहा फूट खाली होता. चेहरा शांत होता, याहून जास्त मी सांगणार नाही.

मी ओल्या ग्लोव्ह्जनी अडीच तास खणत होतो. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पुढे मेडिकल बोर्डाने मला त्याच कारणावरून घरी पाठवलं. पण त्याआधी मी एस्कॉर्ट म्हणून पास्कलच्या शवपेटीसोबत आरोंद्याला आलो. आमचे कंपनी कमांडर, मेजर साहेब, यांना मी तशी विनंती केली होती.

विमानाने गोव्यापर्यंत, तिथून गाडीने. दुपारी चारला आम्ही चर्चमागच्या दफनभूमीत पोहोचलो. सगळा गाव होता. हिंदू घरांतली माणसं कुंपणाबाहेर रस्त्यावर उभी होती, कारण आत जागा उरली नव्हती. फादरनी प्रार्थना केली. सलामी झाली. मग तिरंगा घडी करून आमच्यासोबत आलेल्या सुभेदार साहेबांच्या हातात आला. रेकॉर्ड ऑफिसकडून आलेला कागद मी वाचायचा होता. नंबर वाचला. रँक, नाव. मग पुढची ओळ, जशी होती तशी.

"राष्ट्रध्वज त्यांचे पालक..."

"पालक कोण?"

इझाबेलमाय पहिल्या ओळीत होती. तिने आवाज चढवला नव्हता.

"पालक कोण रे? तो माजो झील. माजो झील आसा तो."

तो शब्द कोणाचा आहे हे तिथे फक्त मला माहीत होतं. सुभेदार साहेब साताऱ्याचे. मालवणीतला 'झील' म्हणजे मुलगा, एवढं त्यांना पास्कलमुळेच कळत होतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "नायक, परत वाच. नीट वाच."

मी परत वाचलं. नंबर, रँक, नाव. मग कागद खाली केला. "मान्युएल आणि इझाबेल यांचा मुलगा."

सुभेदार साहेब पुढे गेले. सॅल्यूट करून त्यांनी तिरंगा तिच्या हातांवर ठेवला. "आई, हा तुमचा," म्हणाले.

युनिटमध्ये परतल्यावर मी लेखी जबाब दिला की ती खाडाखोड माझी आहे. मेजर साहेबांनी सोबत चर्चच्या वहीतला उतारा जोडला. आठ महिन्यांनी दुरुस्तीचा कागद आला. तोवर मी सेवेतून बाहेर पडलो होतो. मीच तो कागद आरोंद्याला नेला. मान्युएलनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"बरा झाला," ते म्हणाले. "सरकाराक पण कळला."

ती नोंद माझ्या हातची होती, हे मी त्यांना अंगणातच सांगितलं होतं. तरी इझाबेलमायने मला आत बोलावून जेवायला वाढलं.

माझ्या ख्रिस्ती वाचकांनो, जन्माच्या बळावर आपल्यापैकी कोणीही देवाचं लेकरू झालेलं नाही. त्याने आपल्याला उचलून घरात घेतलं, नाव दिलं, ताटावर बसवलं. नंतर कधीही त्याने आपले कागद मागितले नाहीत. आपण मात्र मागतो. लग्न ठरवताना मागतो, जमिनीच्या वाटणीत मागतो, शाळेच्या दाखल्यावर मागतो. ज्याने आपल्याला असं घेतलं, त्याच्या घरात राहून दुसऱ्याच्या लेकराला 'खरं' आणि 'घेतलेलं' अशा दोन रांगांत उभं करायचं, याला मी पाप म्हणतो. मी ते केलं म्हणून म्हणतो.

लान्स नायक पास्कल उत्तम नेमबाज होता. त्याला पोहता येत होतं, गाता येत नव्हतं, तरी तो गात असे. थंडीत दुसऱ्याची संत्री ड्यूटी तो न सांगता उचलायचा. तो सत्तावीस वर्षांचा होता.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. आरोंद्याला कधी आलात तर चर्चच्या उजव्या हाताची पायवाट खाडीकडे उतरते, तिथलं शेवटचं घर त्यांचं आहे. इझाबेलमाय दुपारनंतर घरीच असते. तिच्याकडे जा. पास्कल तिच्या घरी कसा आला, हे विचारू नका. "तुमचा मुलगा कसा होता?" असं विचारा, आणि ती बोलायची थांबेपर्यंत उठू नका.