आईचे डोळे आणि दाजींचे दिवे

आईने शिलाई मशीन विकायला काढलं, तेव्हा आमच्या हॉलमध्ये इतका लख्ख उजेड होता की ताटातल्या वरणाकडेसुद्धा डोळे बारीक करून बघावं लागायचं. हा उजेड माझ्या दाजींनी पाडला होता.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहेत. माणूस मनाने चांगला, पण नात्यात कुणी घर घेतलं की त्यांच्या अंगात येतं. कुणी बोलावो न बोलावो, टेप आणि पेन्सिल घेऊन हजर. वडील गेल्यावर मी आणि आई पिंपरीची जुनी खोली सोडून पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा छताचं पीओपी कसं करायचं आणि दिवे कुठे बसवायचे हे सगळं त्यांनीच ठरवलं. दिव्यांबद्दल त्यांचं शास्त्र एका ओळीचं आहे. ‘‘वॅट बघायचे. बाकीचं खोक्यावर जागा मोकळी दिसू नये म्हणून छापतात.’’

मी चाकणच्या एका कंपनीत परचेसला आहे. कुठल्या वस्तूवर काय आकडे असायला हवेत आणि काय आहेत, हे ताडून बघण्यात माझा दिवस जातो. म्हणून मी त्यांना म्हटलं, ‘‘दाजी, वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. उजेड किती देतो ते लुमेनमध्ये असतं.’’

‘‘जास्त खाईल तो जास्तच काम करेल ना?’’

‘‘आमच्या ऑफिसात या एकदा,’’ मी म्हटलं. ते हसले आणि स्टुलावर चढले.

त्यांना पांढरेशुभ्र दिवेच पसंत. पिवळसर उजेड म्हणजे जुनी खोली, पांढरा म्हणजे प्रगती. दिव्याला तापल्यावर गरमी सोडायला मोकळी हवा लागते, हे त्यांना मान्य नव्हतं. पीओपीत कोंबून बसवलेले दिवे एकेक करून जीव सोडू लागले, तर कंपनीला शिव्या देत ते त्याहून मोठे आणायचे. गॅलरीत त्यांनी घरातलाच दिवा लावला. पावसाच्या पहिल्याच सडाक्यात त्यात पाणी शिरलं. बाहेरच्या दिव्यावर पाणी आणि धूळ किती रोखतो त्याचा आयपी म्हणून आकडा असतो, असं मी सांगितलं. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दिव्याला दुधाची रिकामी पिशवी बांधली. ती पिशवी बरेच दिवस तिथे फडफडत होती. ती बघितली की माझं डोकं फिरायचं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी बडबड करून गप्प बसले असते. पण आईचं काम त्या उजेडावर होतं.

आई साड्यांना फॉल-बिडिंग करते. माझ्या जन्माआधीपासून करते. फॉलची खालची कड मशीनवर शिवायची आणि वरची हाताने, असे बारीक टाके घालून की साडीच्या बाहेरून काही दिसता कामा नये. त्यासाठी दोरा साडीच्या रंगात विरघळावा लागतो. पिंपरीच्या खोलीत ती उंबऱ्यात बसायची. दोऱ्याचं रीळ साडीवर ठेवायचं, उठायचं, रस्त्यावर उन्हात जाऊन बघायचं, मग कात्री. कापडाच्या दुकानातसुद्धा ती साडी हातात घेऊन थेट फुटपाथवर यायची आणि दुकानदार मागून ‘मावशी, मावशी’ करत धावायचा. नव्या घरात दाजी तिला म्हणाले, ‘‘आता कशाला उन्हात जाता? इथेच दिवस आणून ठेवलाय तुम्हाला.’’ गॅलरीसमोर दुसरी इमारत उभी असल्यामुळे तिथे ऊन यायचं ते दुपारी थोडा वेळ, आणि तेव्हा तिथे कपडे वाळत असायचे. जावयाने मायेने लावलेले दिवे. आई त्यांच्याखाली बसू लागली.

त्या वर्षी जयंतीला विहारातल्या महिला मंडळाने सगळ्यांसाठी एकसारख्या नेव्ही ब्ल्यू साड्या घेतल्या. फॉल अर्थातच आईकडे. जयंतीच्या सकाळी वंदनेनंतर सगळ्या बायका फोटोसाठी अंगणात उन्हात उभ्या राहिल्या आणि मंडळाच्या अध्यक्षबाई खाली बघून म्हणाल्या, ‘‘अगं बाई, काठावर मुंग्या चालल्यात की गं!’’ प्रत्येकीच्या साडीच्या काठाशी जांभळट टाक्यांची रांग स्वच्छ दिसत होती. बायका हसल्या. चेष्टाच होती ती, मनात काही नव्हतं. आईसुद्धा हसली. पण फोटोत ती सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि घरी आल्यावर तिने दोऱ्यांचा डबा माळ्यावर टाकला.

‘‘डोळं गेलं माझं,’’ ती म्हणाली. ‘‘आता न्हाई जमायचं.’’

आदल्या वर्षी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मी तिला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. बाहेर येऊन आई म्हणाली, ‘‘म्हाताऱ्या माणसाला असंच सांगत्यात.’’ भोसरीला राहणाऱ्या, नुकतंच शिवण शिकलेल्या एका बाईला तिने मशीन विकत देऊ केलं. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येऊन ती ते घेऊन जाणार होती. आई रिकाम्या हाताने टीव्हीसमोर बसायची आणि टीव्ही बघायची नाही. मला ते बघवेना. मी उगाच तिच्यावर, भाजीवर, बसवर, सगळ्यांवर खेकसत होते.

मशीनसोबत दोरेही देऊन टाकायचे म्हणून आईने मला डबा खाली काढायला लावला. नेव्ही ब्ल्यूचं एक रीळ मी माझ्या ड्रेसचं बटण लावायला पर्समध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर पर्समध्ये पास शोधताना ते हाताला लागलं. रीळ जांभळं होतं. चांगलं वांग्यासारखं जांभळं. संध्याकाळी घरी येऊन हॉलमध्ये बघितलं तर नेव्ही ब्ल्यू! शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी गॅलरीत नेलं, जांभळं. आत आणलं, नेव्ही ब्ल्यू. वेड लागल्यासारखी मी आत-बाहेर करत राहिले आणि मग आईला ओढत गॅलरीत नेलं.

‘‘बघ! मलाही आत वेगळं दिसतंय. तुझे डोळे नाहीत गेलेले, आई.’’

आईने माझ्याकडे काळजीने बघितलं. ‘‘म्हंजी तुझं बी गेलं?’’

मी दाजींना फोन केला. ते म्हणाले, ‘‘आनुवंशिक असेल. चेक करून घे.’’

मी कपाळावर हात मारून घेतला. एलईडीमध्ये रंग किती खरे दिसतात त्याचा वेगळा आकडा असतो, सीआरआय म्हणतात त्याला. शंभराच्या जितका जवळ तितकं सूर्याच्या उजेडासारखं. हलक्या प्रतीच्या दिव्यांत लाल रंग दाखवायची ताकद कमी असते, म्हणून जांभळ्यातला लाल दिसतच नाही आणि उरतो तो निळा. हे मला तेव्हाच शोधून वाचावं लागलं, कारण दाजींच्या एकाही खोक्यावर तो आकडा छापलेलाच नव्हता. एवढं मात्र छापलं होतं, मोठ्या अक्षरांत: ‘सुपर ब्राइट’.

पिंपरीच्या बाजारात मी तसा दिवा मागायला गेले. पहिला दुकानदार म्हणाला, ‘‘सब सेम आता है मॅडम. व्हाइट पाहिजे का यलो?’’ दुसऱ्याने मला सीआरआय नावाची कंपनी आपल्याकडे नाही असं सांगितलं. तिसऱ्याने खोकं उलटंपालटं केलं आणि विचारलं, ‘‘घरात दागिन्यांचं दुकान आहे का?’’ हा प्रश्न ऐकून मात्र मला आशा वाटली. सराफांना आणि कापडवाल्यांना तो तसले दिवे मागवून द्यायचा. नव्वदच्या वरचा, फार पांढरा नाही, फार पिवळा नाही, असा एक दिवा त्याने माझ्यासाठी मागवला.

तो लावायला आलेल्या, दाजींच्याच ओळखीच्या वायरमनचं वेगळंच. शिडी लावून तो हॉलच्या मधोमध उभा राहिला.

‘‘इथे नको भाऊ. त्या कोपऱ्यात, मशीनच्या डाव्या अंगाला, थोडा पुढे.’’

‘‘मॅडम, लाईट मधोमध शोभते.’’

‘‘मला शोभेला नकोय. आईच्या पाठीमागे दिवा असला की तिची सावली तिच्याच सुईवर पडते. ती उजव्या हाताने शिवते, तर उजेड डावीकडून नको का?’’

‘‘तुमचे दाजी म्हणाले मधोमध लावायचा.’’

दाजींनी त्याला आधीच फोन केला होता! मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. दिवा डावीकडेच लागला, पीओपीच्या बाहेर, मोकळ्या हवेत.

हॉलचे बाकीचे दिवे बंद करून मी आईला त्याखाली बसवलं आणि दोऱ्यांचा डबा पुढ्यात ठेवला. ‘‘बाईला देण्याआधी एकदा नीट लावून तरी दे,’’ मी म्हटलं. तिने एक रीळ उचललं. मग दुसरं. तपकिरी रिळांमधून तिने मरून रिळं बाजूला काढली, निळ्यांमधून जांभळी. हात भराभर चालायला लागले. मग तिने डबा बंद केला आणि म्हणाली, ‘‘मंडळाच्या समद्या साड्या परत आण. उसवायच्यात.’’

‘‘अगं, जयंती होऊन गेली! कुणी मागितल्यात का?’’

‘‘मला दिसतंय ना आता. दिसत असून कसं ऱ्हाऊ दिऊ?’’

आठवड्यातली माझी एकुलती एक सुट्टी. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी आईला गाडीवर मागे बसवून साड्या गोळा करत फिरले. शेवटी अध्यक्षबाईंच्या घरी. भर दुपारी त्यांचे पडदे लावलेले आणि वर दाजींच्या तोडीस तोड दिवे लागलेले. त्यांनी साडी आणली, काठ निरखला आणि त्यांना अगदी अवघडल्यासारखं झालं. ‘‘काकू, मी आपली गंमत केली होती हो. रंग तर एकदम बरोबर आहे. काही दिसतसुद्धा नाही.’’

झालं! मी निघायला उठले. इतका खटाटोप करून निकाल काय, तर चूकच नाही.

‘‘हितं न्हाई दिसायचं,’’ आई म्हणाली. ‘‘उजेडात चल.’’

साडी खांद्यावर टाकून ती बाल्कनीकडे निघाली, पूर्वी दुकानातून फुटपाथवर निघायची तशीच. मागून अध्यक्षबाई आणि मी. तिने काठ उन्हात धरला आणि बोट ठेवलं.

‘‘ह्यो बघ टाका. ह्यो बी. चुकलाय का न्हाई?’’

‘‘चुकलाय हो, काकू,’’ बाई म्हणाल्या.

‘‘व्हय!’’ आई इतकी आनंदाने म्हणाली की मीही वाकून तो टाका बघायला लागले. बक्षीस दाखवावं तशी ती स्वतःची चूक दाखवत होती. जयंतीपासून पहिल्यांदाच ती हसत होती, आणि ते हसू खरं होतं.

साड्यांची पिशवी घेऊन आम्ही खाली उतरलो. गाडीवर बसताना ती म्हणाली, ‘‘भोसरीच्या बाईला सांग, उद्या यिऊ नगं. मशीन लागतंय मला.’’

मी गाडी चालू केली.

‘‘आन् दाजींना काय बोलू नगंस. त्यांच्या घरी बी एक असला दिवा लाव. तुझ्या बहिणीनं परवा मरून साडीवर तपकिरी ब्लाउज घातलाय.’’