बसून वाजवलेला सॅक्सोफोन

संगीतातलं मला फारसं कळत नाही, तरी लिहितोय, माफ करा. परवा कॉलेजच्या सभागृहात चौघांनी खुर्च्यांवर बसून सॅक्सोफोन वाजवले. त्यातला बास सॅक्सोफोन वादकाच्या छातीपेक्षा उंच होता. तो इतका हळू वाजला, की फुंकण्याआधी घेतलेला श्वासही ऐकू आला.

माझे बाबा लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे, चालत, ताशांच्या गोंगाटात. त्यांचा श्वास मी कधी ऐकलाच नव्हता. पुढचे दात पडल्यापासून त्यांचं वाद्य पेटीतच होतं. कवळी बसवली, तरी फुंक निसटायची.

बाहेर आलो, तर आईचा फोन.

"काय गं, काय झालं?"

"मी कशाला सांगू? तूच ऐक."

पलीकडे बाबांनी श्वास घेतला. मग सॅक्सोफोनचा एक लांब, थरथरता सूर आला.