ती वेणी शोधत होती

नागपूरच्या हॉस्टेलमध्ये माझी रूममेट रोज सकाळी माझी वेणी घालायची. केस कमरेखाली जायचे, तिच्या एका मुठीत मावत नसत. पुढे नोकरीसाठी मी पुण्यात हडपसरला आले, ती तिकडेच राहिली. इथे माझी पाळी महिनोन् महिने चुकू लागली, वजन वाढलं आणि केस पुंजक्यांनी गळू लागले. डॉक्टरांनी पीसीओएस असल्याचं सांगितलं. गोळ्यांनी पाळी मार्गी लागली, पण भांग रुंदच होत गेला. मी व्हिडिओ कॉल टाळू लागले.

मागच्या हिवाळ्यात ती पुण्याला आली. मी स्टेशनवर घ्यायला गेले, तर ती माझ्यासमोरून सरळ पुढे निघून गेली. मी हाक मारली, तेव्हा आवाजावरून तिने ओळखलं.

"अगं, मी तुझी वेणी शोधत होते," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, जाड झाल्याचं तितकंसं वाटत नाही, पण न्हाल्यावर पाठीवर ओल्या केसांचा भार पडायचा, तो फार आठवतो. तिने ऐकून घेतलं आणि कंगवा मागितला.

"राहू दे, काही उरलं नाही त्यात."

"बस तर खरी."

मी तिच्यापुढे जमिनीवर बसून डोळे मिटले. तिची बोटं पूर्वीसारखीच हलकी होती. हे बराच वेळ चालावं असं वाटत होतं, पण वेणी लगेच संपली.

"झाली?"

"झाली," ती म्हणाली. पण तिने हात काढला नाही आणि मीही उठले नाही.