धुराड्यातले पाय

चहा घ्या, आणि सोबत माझा गाढवपणा ऐका. कुणाला सांगू नका असंही म्हणणार नाही. जेद्द्यात तो ज्याला त्याला ठाऊक झालाय!

बलदमधल्या, म्हणजे इथल्या जुन्या शहरातल्या, एका लहानशा हॉटेलात मी खरेदी बघतो. मालक अबू फहद, सौदी, पण हिंदी झकास. एकदा म्हणाला, "इक्बाल, नाश्त्याच्या हॉलची भिंत ओकीबोकी दिसते. स्वयंपाकघराचं एखादं जुनं चित्र लाव."

मी ऑनलाइन शोधून एका जुन्या फ्लेमिश चित्राची सहा फुटी प्रत मागवली. चूल, चुलीवर हंडा, भोवती बाया, मांजर, झाडू. अजून काय हवं स्वयंपाकघराला?

बरं, लावून गप्प बसावं ना? छे! मी पाहुण्यांना समजावून सांगायला लागलो.

"ही म्हातारी सुनेला सूप शिकवतेय."

"आणि धुराड्यात हे पाय कुणाचे?"

"धुराडं साफ करतेय बिचारी!"

"हंड्याशेजारी बेडूक आहे का?"

"मासा आहे तो. जुनं चित्र, रंग उडालाय."

आठवड्याने बेल्जियमच्या एक बाई उतरल्या, चित्रकला शिकवणाऱ्या. चित्र दिसलं आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"हे कुणी निवडलं?"

"मीच!" मी छाती फुगवून.

"ही चेटकिणींची सभा आहे. अंगाला मलम चोळून, झाडूवर बसून धुराड्यातून उडतायत. हंड्यात काय शिजतंय ते तुमचा नाश्ता झाल्यावर सांगते."

इथे जादूटोणा म्हणजे गुन्हा, महाराज! डोळ्यांपुढे माझा इकामा, इथे राहायचा परवाना, रद्द झालेला दिसायला लागला. टेबलावरची चादर ओढली, स्टुलावर चढलो आणि चित्र झाकलं. तेवढ्यात अबू फहद हजर!

"झाकलंस का?"

"रंग... ओला आहे."

"छापील चित्राचा?"

मग सगळं कबूल केलं. त्याने चादर उचलली, बराच वेळ बघितलं. "म्हणजे आठवडाभर मी यांच्यासमोर बसून अंडी खातोय?" एवढंच म्हणाला. "उतरव. यल्ला, लवकर!"

दुपारी तिथे ताइफच्या गुलाबांचा फोटो लागला. नोकरी वाचली.

संध्याकाळी रत्नागिरीला बायकोला चित्राचा फोटो पाठवला आणि फोन लावला. काही सांगायच्या आत ती म्हणाली, "या चेटकिणी कुठनं आणल्यात?"

"तुला कसं कळलं?"

"हंडा उतू चाललाय नि एकही बाई तिकडे बघत नाही! अहो, वीस वर्षांत एकदा तरी स्वयंपाकघरात आला असतात, तर तुम्हालाही कळलं असतं."